एकट्या व्हायोलिनचा आवाज घरच्या कॉम्प्युटरवर खरा वाटायला काय करायचं

वैशाखातली शिवजयंती जवळ आली की बेळगावात मंडळांची चित्ररथाची गडबड सुरू होते आणि घरात बसून त्या देखाव्यांचे आवाजाचे ट्रॅक करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या रात्री कॉम्प्युटरसमोर जातात. संवाद रेकॉर्ड करायचे, ढोल-ताशा घालायचा, तुतारी घालायची, हे सगळं जमतंय ओ, पण प्रत्येक देखाव्यात एक जागा अशी येते की मावळा पडलेला असतोय, आई त्याच्याजवळ येऊन बसते, आणि मागं फक्त एक व्हायोलिन पाहिजे असतंय. एकच. तिथं सगळं उघडं पडतंय. पहिल्या वर्षी मी त्या जागेवर कीबोर्डातला स्ट्रिंग्जचा आवाज लावला होता, तर मंडळातल्या एका आजोबांनी ऐकून विचारलं, "बाळ, ही पेटी काय रे?" ते मनापासून विचारत होते, आणि त्यांचं बरोबरच होतं, कारण त्या आवाजात गज नव्हताच. त्यानंतर चार-पाच वर्षं याच एका गोष्टीच्या मागं लागलोय, आणि जे कळलं ते इथं लिहितोय, अभंग, भावगीत, नाटकाचं पार्श्वसंगीत, काहीही करत असाल तरी उपयोगी पडेल.

आधी हे एवढं अवघड का ते बघू. दहा-बारा व्हायोलिनं एकत्र वाजतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसभर इकडंतिकडं असतोय, प्रत्येकाचा गज वेगळ्या वेळी फिरतोय, आणि त्या गर्दीत सॅम्पलचा, म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या एकेका सुराचा, खोटेपणा लपून जातोय. म्हणून फुकटातल्या फुकट ग्रुप स्ट्रिंग्जसुद्धा गाण्यात चालून जातात. एकट्या व्हायोलिनला लपायला जागा नाही. त्याचा आवाज माणसाच्या गळ्याच्या इतका जवळ आहे की ऐकणाऱ्याला संगीतातलं काही कळत नसलं तरी काहीतरी चुकतंय हे लगेच कळतंय, जसं फोनवर एखादा वाचून बोलत असला की कळतंय तसं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं पेटी कुणाला समजावून सांगायला नको, रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीवादक याच बेळगावात राहिले, शिकवत राहिले, आणि गल्लीगल्लीच्या भजनी मंडळात कुणी ना कुणी पेटीवर बसतंयच. पेटीवाला काय करतो बघा, उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात भात्यावर. नवीन पोरगं सगळं लक्ष पट्ट्यांवर ठेवतंय, आणि जाणता माणूस भात्यावर. सूर कुठला ते उजवा हात सांगतोय, पण तो सूर जिवंत आहे की मेलेला ते डावा हात ठरवतोय. कॉम्प्युटरवरच्या व्हायोलिनचं अगदी हेच आहे. मिडी कीबोर्डच्या, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून वाजवायच्या कीबोर्डच्या, डाव्या बाजूला जे मॉड्युलेशन व्हील असतंय तो तुमचा भाता, म्हणजेच इथं गज. ते व्हील न हलवता जगातली सगळ्यात महागडी लायब्ररी, म्हणजे वाद्याच्या आवाजांचा संच, वाजवलीत तरी ती मेलेलीच वाटणार. त्यामुळं लायब्ररी शोधायच्या आधी डावा हात रिकामा ठेवायला शिका, आणि कीबोर्ड घेताना व्हील असलेलाच घ्या, किंवा कॉर्गच्या नॅनो कंट्रोलसारखी फेडर, म्हणजे वर-खाली सरकवायची बटणं, असलेली छोटी पट्टी जोडा. माउसनं नंतर रेषा ओढून हे काम होतंय, पण हातानं केलेल्यात जी थोडी थरथर येते ती माउसनं येत नाही.

मिडी ही कीबोर्डवर काय, कसं दाबलं ते कॉम्प्युटरला सांगायची भाषा १९८३ सालची आहे आणि त्यातल्या या कंट्रोलना ० ते १२७ असे आकडे असतात. तुम्हाला दोनच नंबर लक्षात ठेवायचेत, सीसी १ (ते व्हील हलवलं की जातो तो) आणि सीसी ११; सीसी म्हणजे कंट्रोल चेंज. बहुतेक सॅम्पल लायब्ररीत सीसी १ नं हळू वाजवलेल्या सॅम्पलवरून जोरात वाजवलेल्या सॅम्पलवर जाता येतंय, म्हणजे आवाजाचा पोतच बदलतोय, आणि सीसी ११ नं नुसता आवाज लहान-मोठा होतोय. दोन्ही वेगळे आहेत. जोरात वाजवलेलं व्हायोलिन आवाज कमी करून लावलं तर ते हळू वाजवल्यासारखं वाटत नाही, लांबून ओरडणाऱ्या माणसासारखं वाटतंय.

लायब्ररी शोधायच्या आधी अजून एक काम करा, ते म्हणजे ती ओळ तोंडानं गाऊन बघा आणि फोनवर रेकॉर्ड करा. गाताना तुम्ही कुठं श्वास घेतलात, कुठल्या सुराला खालून आलात, कुठं नुसतं सरळ उभं राहिलात, हे सगळं तुमच्या गाण्यात आपोआप आलेलं असतंय. तोच नकाशा. आपल्याकडं व्हायोलिन गायकी अंगानं वाजवायची मोठी परंपरा आहे, एन. राजम, डी. के. दातार यांची रेकॉर्डिंग नुसती ऐकू नका, पेन घेऊन बसा आणि एका आलापात गज किती वेळा फिरला ते मोजा. मी आठवडाभर रोज अर्धा तास हे केलं आणि त्यानंतर माझं प्रोग्रॅमिंग जेवढं सुधारलं तेवढं कुठल्याच खरेदीनं सुधारलं नाही.

सूर कुठला आहे तेही आधी बघा. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार पाश्चात्य पद्धतीनं मिळवलेली असली तर मंद्रातली पांढरी पाच असते, १९६ हर्ट्झ, त्याच्या खाली व्हायोलिनला जाताच येत नाही. तुमचा अभंग काळी एक मध्ये असेल तर मंद्र पंचम मिळेल पण मंद्र मध्यम मिळणार नाही. काही सॅम्पलर ते खालचे सूरसुद्धा ओढूनताणून देतात, आणि तिथंच ऐकणाऱ्याला खटकतंय. खालचं पाहिजे असेल तर व्हायोला घ्या, व्हायोलिनचंच थोडं मोठं भावंड, तो पांढरी एकपर्यंत म्हणजे १३०.८ हर्ट्झपर्यंत खाली जातोय, आणि त्याच्या आवाजात थोडी सारंगीची सावली आहे, म्हणून करुण जागांना मी व्हायोलिनपेक्षा व्हायोलाच जास्त वापरतो. चेलो त्याच्याही खाली एक सप्तक. संवादाच्या मागं चेलो लावताना जपून, पुरुषाच्या आवाजाच्या जागेतच तो बसतोय आणि शब्द खाऊन टाकतोय.

आता लायब्ररी. खिशात पैसे नसले तरी सुरुवात होतंय, हे आधी सांगतो, कारण आमच्या बाजूला खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडची कितीतरी पोरं जुन्या लॅपटॉपवर गाणी करतात आणि पैसे नाहीत म्हणून कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घालून बसतात. मीही केलंय. देखाव्याच्या चार दिवस आधी ते प्लगइन उघडायचंच बंद झालं आणि सगळी व्हायोलिनची कामं पुन्हा करायला लागली. तेव्हापासून नाही.

फुकटात सगळ्यात आधी प्लोगचं स्फोर्झांडो नावाचं छोटं प्लेअर उतरवून घ्या, ते एसएफझेड नावाच्या फॉरमॅटच्या लायब्ररी वाजवतंय. मग सोनाटिना सिम्फनिक ऑर्केस्ट्रा घ्या, मॅटिअस वेस्टलुंड यांनी केलेली, पाचेकशे एमबीची, त्यात एकटं व्हायोलिन आणि एकटा चेलो आहे. व्हर्सिलियन स्टुडिओजची व्हीएससीओ टू कम्युनिटी एडिशन घ्या, त्यातपण सोलो व्हायोलिन आहे आणि ती सीसी झिरो लायसन्सखाली आहे (हे सीसी मिडीतलं नाही, क्रिएटिव्ह कॉमन्सचं), म्हणजे विकायच्या गाण्यात वापरली तरी कुणी विचारणार नाही. व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रामध्ये अशा फुकट लायब्ररी एकत्र करून, सुरात नीट बसवून दिलेल्या आहेत, नवीन माणसाला तेच सोपं. डिसेंट सॅम्पलर नावाचं अजून एक फुकट प्लेअर आहे, आणि पियानोबुकच्या साइटवर लोकांनी स्वतःची वाद्यं रेकॉर्ड करून त्याच्यासाठी ठेवलेली असतात, तिथं कधीकधी एखादं म्हातारं, थोडं बेसूर, घरातलं व्हायोलिन सापडतंय आणि ते महागड्या लायब्ररीपेक्षा गाण्यात जास्त खरं वाटतंय. मला तिथं शोधत बसायला खूप आवडतंय.

एक चूक मात्र सगळे करतात. नावात स्ट्रिंग्ज असलं की घेतात. स्पिटफायरचं बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर फुकट आहे आणि छान आहे, पण त्यात व्हायोलिनचा ताफा आहे, एकटं व्हायोलिन नाही. ताफ्याचा आवाज बारीक करून एकटा होत नाही.

ज्यांना हातानं काम करायला आवडतंय त्यांनी आयोवा विद्यापीठाची सॅम्पलं बघावीत, ती १९९७ पासून फुकट आहेत. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, प्रत्येक तारेवर वेगवेगळं, हळू-मध्यम-जोरात असं वाजवलेलं, आणि अजिबात घुमत नसलेल्या खोलीत रेकॉर्ड केलेलं. कोरडं ठणठणीत. पहिल्यांदा ऐकून वाटेल हे काय, पण त्यातूनच कळतंय की खरं व्हायोलिन जवळून किती खरखरीत असतंय. आपण नेहमी लांबून आणि घुमलेलं ऐकतो म्हणून गोड वाटतंय.

विकत घ्यायचं असेल तर दोन जाती आहेत हे समजून घ्या, मग पैसे वाया जात नाहीत. पहिली जात सॅम्पलची, खरा वादक बसवून एकेक सूर, एका सुरावरून दुसऱ्यावर जायची हालचाल, सगळं रेकॉर्ड केलेलं. एम्बरटोनचं फ्रीडलँडर व्हायोलिन आणि ब्लॅकस चेलो, क्रिस हाइन सोलो स्ट्रिंग्ज, विरहार्मोनिकचं बोहेमियन व्हायोलिन, ही त्यातली लोकांच्या वापरातली नावं. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या क्रेमोना क्वार्टेटची गोष्ट तर मला फार आवडते. इटलीत क्रेमोना गावात, जिथं स्ट्रादिव्हारी राहत होता, तिथल्या म्युझियममधली जुनी वाद्यं रेकॉर्ड करायची म्हणून २०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाच आठवडे आसपासचे रस्ते बंद ठेवले, महापौरांनी लोकांना विनंती केली की आवाज करू नका. एका सुरासाठी गाव गप्प बसलं. आपल्याला एवढं शांत गाव कुठून मिळणार, पण ज्या लायब्ररीत ती शांतता भरून ठेवलीय ती आपल्याला विकत मिळते हे काय कमी आहे.

सॅम्पलची लायब्ररी घेताना एक बारीक गोष्ट बघा. काही लायब्ररी कॉन्टॅक्ट नावाच्या, सॅम्पल वाजवायच्या सॉफ्टवेअरच्या फुकट प्लेअरमध्ये चालतात आणि काहींना पूर्ण विकतचा कॉन्टॅक्ट लागतोय, फुकट प्लेअरमध्ये त्या थोड्या वेळानं बंद पडतात. फ्रीडलँडर दुसऱ्या प्रकारातली. खरेदीच्या पानावर हे लिहिलेलं असतंय, पण खाली, बारीक अक्षरात.

दुसरी जात म्हणजे रेकॉर्डिंग नसलेली, गणितानं तार आणि गज उभा करणारी. ऑडिओ मॉडेलिंगची स्वॅम सोलो स्ट्रिंग्ज हे त्यातलं मोठं नाव. ही फाइल अगदी लहान असते, जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर जागा नाही म्हणणाऱ्यांना बरी, फक्त प्रोसेसर थोडा चांगला पाहिजे, आणि आयपॅडवरसुद्धा चालते. पण हिला हात लागतोय. सीसी ११ दिलं नाही तर आवाजच नीट येत नाही, कारण गज हलवल्याशिवाय व्हायोलिन वाजणार कसं. ज्याला पेटीचा भाता कळतोय त्याला ही दोन दिवसांत जमते, आणि ज्याला नुसतं पट्ट्या दाबून माउसनं काम करायचंय त्याला कधीच आवडत नाही.

आपल्या संगीतासाठी मी दुसऱ्या जातीच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. मिरजेला तंबोरे करणाऱ्यांकडं कधी गेलात तर भोपळे बघा, तारेवर कुठलाही सूर वाजवा, भोपळा तेवढाच राहतोय, म्हणून त्या वाद्याचा स्वभाव प्रत्येक सुरात सारखा राहतोय. व्हायोलिनच्या लाकडी पेटाऱ्याचं तेच. आता तुम्ही एका सॅम्पलला पिच बेंडनं, म्हणजे कीबोर्डवरच्या सूर वर-खाली ओढायच्या चाकानं, सा पासून ग पर्यंत ओढलंत तर सुराबरोबर त्याच्या आत रेकॉर्ड झालेला पेटारापण ओढला जातोय, म्हणजे सूर वर गेला की व्हायोलिन लहान झाल्यासारखं, खेळण्यातलं वाटतंय. अर्ध्या-एक स्वरापर्यंत चालून जातंय, त्याच्या पुढं कान पकडतोय. गणितानं केलेल्या व्हायोलिनमध्ये तार वेगळी आणि पेटारा वेगळा असतोय, त्यामुळं लांब मींड घेतली तरी लाकूड तेच राहतंय. पाश्चात्य सिनेमासारखी धून, जिथं सूर एकावरून दुसऱ्यावर पावलं टाकत जातात, तिथं सॅम्पल जास्त गोड वाटतंय हेही खरं. दोन्ही ठेवायला जमलं तर ठेवा.

स्वॅममध्ये मींडेसाठी पिच बेंडसुद्धा नको, दोन सूर एकमेकांवर थोडे चढवून वाजवा आणि दुसरा सूर अगदी हलक्या हातानं दाबा, जेवढा हलका तेवढी मींड लांब. जोरात दाबला तर चटकन जातंय. पिच बेंड वापरायचाच असेल तर त्याची रेंज सुरुवातीला दोन सेमीटोनच असते, ती पाच किंवा सात करून घ्या आणि सवय होईपर्यंत तेवढीच ठेवा, रोज बदलली की हाताला अंदाज येत नाही. कणस्वर मात्र पिच बेंडनं नका करू, तो वेगळी छोटी नोट घालूनच करा, मुख्य सुराच्या आधी, त्याच्यात किंचित घुसलेली.

सारंगी पाहिजे असेल तर स्वर सिस्टिम्सच्या स्वरप्लगमध्ये आहे. भारतीय वाद्यांसाठीच केलेलं प्लगइन आहे ते, लवकर काम उरकायचं असेल तेव्हा बरं पडतंय.

कुठलीही लायब्ररी, फुकट असो की विकत, डेमो ऐकून घेऊ नका, कारण डेमो करणारा माणूस तिचे दोष लपवण्यात हुशार असतोय. कुणाच्या घरी असेल तर जाऊन, किंवा ट्रायल असेल तर ती घालून, स्वतः हात लावून बघा. मी काय करतो सांगतो. एक सूर धरायचा आणि व्हील अगदी सावकाश शून्यापासून पूर्ण वर न्यायचं, मधे कुठंतरी दोन व्हायोलिनं वाजल्यासारखं झालं की समजायचं की हळू आणि जोरात अशी दोन सॅम्पलं एकमेकांवर चढलीत आणि बनवणाऱ्यानं ती नीट जुळवलेली नाहीत. एकट्या वाद्यात हा दोष अजिबात चालत नाही, मी तिथंच ती लायब्ररी सोडून देतो. मग तोच सूर आठ वेळा पटपट वाजवायचा, प्रत्येक वेळी अगदी सारखा आला तर शिलाई मशीनसारखं वाटतंय. चांगल्या लायब्ररीत एकाच सुराची तीन-चार वेगळी रेकॉर्डिंग आलटून पालटून येतात. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, व्हायब्रेटो पूर्ण बंद करता येतो का.

यावर थोडं थांबतो. पाश्चात्य व्हायोलिनवाला जवळजवळ प्रत्येक लांब सुरावर बोट हलवतोय, सेकंदाला पाच-सहा वेळा, आणि बऱ्याच लायब्ररीत हा व्हायब्रेटो सॅम्पलमध्येच मुरलेला असतोय, काढताच येत नाही. आपल्या अभंगात तो घातला की विठ्ठलाच्या पायाशी कुणी सूट घालून उभं राहिल्यासारखं वाटतंय. आपला सूर आधी सरळ उभा राहतोय, तंबोऱ्याला चिकटून, आणि हलवायचं ते आंदोलनानं, सावकाश, आणि तेही त्या रागाला पाहिजे असेल त्याच सुरावर, दरबारीचा गंधार घ्या की. म्हणून ज्या लायब्ररीत व्हायब्रेटोला वेगळा कंट्रोल आहे तीच घ्या, तो शून्यावर ठेवून काम सुरू करा, आणि भावगीतात वगैरे पाहिजेच असेल तर सूर सुरू झाल्यावर थोडं थांबून मग हळूहळू वर न्या. सूर सुरू होताक्षणी हलायला लागला की खोटं.

प्रत्यक्ष काम करताना ओळ कीबोर्डवर वाजवायची, उजव्या हातानं सूर, डाव्या हातानं व्हील, एकाच वेळी. हे सवयीनं येतंय. कॉम्प्युटरवर उशिरा आवाज येत असेल तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर (आवाज बाहेर यायच्या आधी साठवायचा तुकडा) १२८ करा, ४४,१०० च्या सेटिंगला तो जवळजवळ ३ मिलिसेकंद होतोय, ५१२ ला साडेअकराच्या वर जातोय आणि हात अडखळतोय. विंडोजवर ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) नसेल तर एसिओ फॉर ऑल नावाचा ड्रायव्हर घालून बघा. रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तो ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतोय, जुन्या मशीनवर हलका चालतोय, मी त्यातच करतो. एफएल स्टुडिओत करणाऱ्यांनीपण काही बदलायची गरज नाही, काम तेच.

वाजवून झालं की क्वांटाइझचं, म्हणजे सगळ्या नोटा तालाच्या रेघांवर (ग्रिडवर) आपोआप बसवायचं, बटण दाबू नका. दाबायचंच नाही. व्हायोलिनचा सूर गज तारेवर टेकल्यावर उमलायला वेळ घेतोय, म्हणून सॅम्पलमध्ये सुरुवातीला थोडा उशीर असतोच, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाच्या सॅम्पलमध्ये तर अजून जास्त. नोटा ग्रिडवर चिकटवल्या की कानाला व्हायोलिन मागं पडल्यासारखं वाटतंय. सगळा ट्रॅक पन्नास-साठ मिलिसेकंद पुढं ओढून बघा, म्हणजे लवकर वाजेल असा, मग एकेक नोट कानानं बसवा.

गज किती लांब आहे याचं भान ठेवा. हळू वाजवताना एक गज चार-सहा सेकंद जाईल, जोरात वाजवताना त्याच्या निम्मा. तुमचा सूर बारा सेकंद सलग चालला असेल तर मधे कुठंतरी गज परत फिरला पाहिजे, म्हणजे सीसी ११ मध्ये एक बारीक खळगा, आणि तो सुद्धा शब्दाच्या मधे नाही, जिथं गायकानं श्वास घेतला असता तिथं. ओळीच्या शेवटी आवाज एकदम कापू नका आणि सरळ रेषेत उतरवूपण नका, आधी सावकाश उतरतोय आणि शेवटी थोडा पटकन सुटतोय, भाता सोडल्यावर पेटीचा सूर जातोय तसा.

अजून एक. दोन वेगळ्या लायब्ररींना एकच मिडी देऊन एकावर एक चढवू नका, भरदार वाटेल म्हणून बरेच जण करतात, पण त्यातून एकटं व्हायोलिन जातंय आणि दोघांचं होतंय.

रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा, थोडाच, दीड सेकंदाच्या आसपास, आणि सुरू व्हायच्या आधी वीसेक मिलिसेकंदांची जागा सोडून. लायब्ररीत आधीच हॉलचा आवाज असेल तर तेवढाही नको. कानाला टोचत असेल तर अडीच ते साडेतीन हजार हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल उतरवा, वर आठ-दहा हजारात चमक वाढवू नका, तिथं सॅम्पलची खोट बाहेर येते.

आणि आता जे मी सगळ्यात जास्त मनापासून सांगतो ते. तुमच्या आसपास व्हायोलिन शिकणारं कुणी ना कुणी असतंयच, क्लासमधलं पोरगं असेल, चर्चमध्ये वाजवणारं कुणी असेल, धारवाडकडं जाऊन शिकणारं असेल. त्यांना बोलवा, योग्य ते मानधन द्या आणि सगळी ओळ नाही आली तरी चार लांब सूर वाजवून घ्या. खोलीत गाद्या उभ्या करा, फॅन बंद, कुकर होऊ द्या, रात्री अकरानंतर बसा. माइक वाद्यापासून साधारण एक मीटर वर, खाली बघणारा, गजाच्या अगदी तोंडाशी नाही. ते रेकॉर्डिंग तुमच्या लायब्ररीच्या खाली अगदी हळू लावा, आणि खालचा भाग इक्यूनं (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायच्या साधनानं) कापून टाकून फक्त तीन हजार हर्ट्झच्या वरचं ठेवा. काय होतंय माहितीय, सूर लायब्ररीचाच राहतोय पण तारेवर घासणारा गज, त्यावरच्या रोझिनची, म्हणजे राळेची, खरखर, वादकाचा हात, हे खऱ्या माणसाचं येतंय. वर जे म्हणालो की चढवू नका ते इथं लागू नाही, कारण दुसऱ्याचा सूर आपण काढून टाकलाय. आणि वाजवणारा तयारीचा असेल तर मग लायब्ररी म्यूट करा आणि त्याचंच ठेवा, तुमचा मिडी त्याला ऐकवायला उपयोगी पडला एवढं पुरे.

चित्ररथासाठी करत असाल तर शेवटचं मिक्स हेडफोनवर मंजूर करू नका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरच्या स्पीकरवर, बाजूला जनरेटर चालू असताना, रस्त्यावर हजारो माणसं उभी असताना वाजणार आहे ते. फोनच्या स्पीकरवर लावा, खिडकी उघडी ठेवा, बाहेर गाड्या जाऊ द्या, आणि बघा व्हायोलिन ऐकू येतंय का. येत नसेल तर त्याचा आवाज वाढवायच्या आधी बाकीचं कमी करा, ढोलाची घुमी, पॅड, मागचा वारा, सगळं. आणि व्हायोलिन सुरू व्हायच्या आधी अर्धा-पाऊण सेकंद ट्रॅक पूर्ण गप्प ठेवा, मग पहिला सूर सीसी ११ अगदी खाली ठेवून, ऐकू येईल न येईल असा आत आणा.